रंगीत टेकड्या आणि आमचा सडा

तर झालं असं, की अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. ऑरेगनमधल्या मिचेल गावाजवळ ‘पेंटेड हिल्स’ बघायला तो घेऊन गेला. उतरतं ऊन, बोडक्या गोल टेकड्या, आणि त्यांवर तांबडे-पिवळे, मधेच काळपट पट्टे. जणू कुणी लुगडी वाळत घातलीत!

मला वाटलं, रंगीत खडक असेल. पण ती निघाली माती! साधारण ३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीची राख पडे, तिची माती होई, त्यात झाडं वाढत, मग पुन्हा राख. हवा उष्ण आणि पाऊस भरपूर असताना मातीतल्या लोखंडाला गंज चढून ती तांबडी झाली, अगदी आपल्या जांभ्यासारखी. हवा थंड-कोरडी झाली तेव्हाची पिवळसर. काळा रंग दलदलीत कुजलेल्या झाडोऱ्याचा, कुठे मँगनीजचा. म्हणजे एकेक पट्टा ही एकेका काळाची जमीन.

या भागाचं महत्त्व ओळखलं ते थॉमस काँडन या धर्मोपदेशकाने. जन्म आयर्लंडचा, १८२२ चा. तो ‘द डॅलस’ गावी असताना मोहिमेवरून परतणारे सैनिक त्याला चमत्कारिक दगड आणून देत. इतरांना दिसे दगड, त्याला दिसत जुन्या प्राण्यांची हाडं. १८६५ मध्ये सैनिकांच्या सोबतीने तो स्वतःच जॉन डे नदीच्या खोऱ्यात गेला. पुढे १८७२ मध्ये ऑरेगनचा पहिला राज्य भूवैज्ञानिक झाला. उत्क्रांती मानूनही त्याची श्रद्धा ढळली नाही, हे विशेष.

टेकडीवर पाय ठेवायला तिथे मनाई आहे. तरी एका उतारावर कुणाची तरी पावलं उमटलेली होती. भाचा म्हणाला, “मामा, हे ठसे वर्षानुवर्षं राहतात.”

आणि मला आपला सडा आठवला. घरामागचा सडा चिरेखाणीला द्यायचं चाललंय, हे नात्यातल्या मंडळींना ठाऊक आहेच. “दगडच तो, नुसता पडून आहे,” असं म्हणून मीही होकार कळवला होता. आता ते वाक्य खुपतंय. बेसाल्ट झिजून, पाऊस मुरून जांभा व्हायला लाखो वर्षं लागतात. यंत्राला दोन-चार हंगाम पुरतील. शिवाय पावसाचं पाणी त्याच सच्छिद्र दगडात मुरून आपल्या विहिरीला येतं.

साळसूदपणाचा आव आणत नाही. आपलं घरही जांभ्याच्या चिऱ्यांचंच आहे. पण आजोबांनी घरापुरते चिरे काढले होते, सडा विकला नव्हता.

असो. मी माझा होकार मागे घेतोय. नानाकाका, तुम्ही रागावाल. दिवाळीला सगळे जमू तेव्हा आधी सड्यावर एक फेरी मारू, मग बोलू.