अखेरचा टप्पा: मिरवणूक कीं शर्यत?

मुंबई-पुणें सायकल शर्यतींत बोरघाट प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरे. परंतु पुण्याची रेषा ओलांडेपर्यंत विजय कोणाचा, हें सांगतां येत नसे. फ्रान्सच्या ‘टूर द फ्रान्स’ या तीन आठवड्यांच्या शर्यतींत निराळा प्रघात पडला. १९७५ पासून तिचा शेवट पॅरिसच्या शाँझेलिझे या राजमार्गावर होऊं लागला. त्या दिवसाचा विजय चुरशीनें मिळवावा, पण एकूण आघाडीच्या पिवळ्या सदऱ्यावर कोणीं चाल करूं नये, असा संकेत रूढ झाला.

संकेत म्हणजे नियम नव्हे. १९७९ मध्यें तीन मिनिटांनीं मागें असलेल्या झूटेमेल्कनें अखेरच्या दिवशीं मुसंडी मारली. आघाडीवरचा बर्नार इनो त्याच्यासवें गेला आणि तो दिवसही त्यानेंच जिंकला. १९८९ मध्यें आयोजकांनीं शेवटचा टप्पाच एकेकट्यानें घड्याळाशीं झुंजण्याचा ठेवला. अंतर २४.५ किलोमीटर, म्हणजे जिंतूर-परभणी रस्त्याच्या सुमारें निम्में. ५० सेकंदांनीं मागें असलेल्या ग्रेग लेमाँडनें तेवढ्यांत लोरां फिन्याँला गांठून ८ सेकंदांनीं शर्यत जिंकली. मिरवणूक असती, तर हा निकाल लागताच ना.

२०२५ मध्यें पावसामुळें ५० किलोमीटर अंतर उरलें असतांनाच एकूण वेळ नोंदून घेण्यांत आला. पोगाचारचें अजिंक्यपद निश्चित झालें होतें. तरीही माँमार्त्रच्या चढावर तो झुंजला, आणि वाऊट व्हान आर्टकडून हरला.

तात्पर्य, अखेरचा टप्पा खुलाच असावा. प्रतिस्पर्ध्यानें आपण होऊन हात आवरला, तर त्यांत अग्रेसराचा सन्मान आहे. नियमानें हात बांधल्यावर त्या सन्मानास मोल तें काय?