अर्धवेळ टेहळणी सैनिक : ब्रिटनची योमनरी

आठवडाभर बँकेत, शाळेत अथवा कारखान्यात नोकरी, एक संध्याकाळ कवायतीच्या सभागृहात आणि महिन्याकाठी एखादा शनिवार-रविवार चिखलात. ब्रिटनच्या राखीव सेनेतील टेहळणी सैनिकाचे जीवन स्थूलमानाने असे असते. पूर्णवेळ सैनिकाइतकेच कौशल्य त्याच्याकडून अपेक्षित असते. वेळ मात्र त्याला त्याच्या अल्पांशानेच मिळतो.

या परंपरेचे मूळ १७९४ सालातले आहे. क्रांतिकारी फ्रान्सच्या आक्रमणाचे सावट असताना जमीनदार व सधन शेतकऱ्यांनी, म्हणजेच ‘योमन’ वर्गाने, स्वतःच्या घोड्यांसह स्वयंसेवी पथके उभारली. त्यावरून योमनरी हे नाव पडले. १९०८ मध्ये ती टेरिटोरियल फोर्समध्ये सामावली गेली. त्या दलाचे पुढे टेरिटोरियल आर्मी झाले आणि २०१४ पासून ते आर्मी रिझर्व्ह म्हणून ओळखले जाते. लंडन, नॉटिंगहॅम, लेस्टर आदी शहरांत तुकड्या असलेली रॉयल योमनरी १९६७ मध्ये स्थापन झाली. इराक युद्धासाठी २००३ मध्ये तिच्या सैनिकांना पाचारण झाले, ते अण्वस्त्र, जैविक व रासायनिक अस्त्रांपासून संरक्षणाच्या कामासाठी. पुढील दशकातील पुनर्रचनेत हलके घोडदळ, अर्थात टेहळणी, हे तिचे मुख्य काम ठरले. घोडे अर्थातच केव्हाच गेले. त्यांच्या जागी मशीनगन बसवलेल्या, टपाविना उघड्या लँड रोव्हर गाड्या आल्या.

टेहळणी म्हणजे हेरगिरी नव्हे. हेर वेश बदलतो. टेहळणी सैनिक गणवेशातच असतो, फक्त दिसत नाही. मुख्य फौजेच्या पुढे जाऊन शत्रू कोठे आहे, किती आहे, काय करतो आहे, हे पाहणे आणि बिनतारी यंत्रावरून अचूक कळवणे हे त्याचे काम. पूल किती वजन पेलेल, ओढा गाडीने ओलांडता येईल का, रस्ता कोठे अरुंद होतो, या बाबीही तितक्याच मोलाच्या, कारण मागून येणारी अवजड वाहने त्यांवरच अवलंबून असतात. गोळीबार हा शेवटचा उपाय. गोळी झाडली की ठावठिकाणा उघड झालाच. गाडीत नायक, चालक आणि मशीनगनवाला असे तिघे असतात. पण पुष्कळदा गाडी झाडीत लपवून पायीच पुढे जावे लागते. लपलेल्या निरीक्षण चौकीत आळीपाळीने जागायचे, थंड अन्न खायचे, बोलायचे तर कुजबुजून, आणि निघताना कचराच काय, विष्ठादेखील पिशवीत भरून सोबत न्यायची. चित्रपटांतील शौर्याशी याचा फारसा संबंध नाही. यात कसोटी लागते ती चिकाटीची.

हे कसब सरावाअभावी झपाट्याने गंजते, हीच खरी अडचण. प्रादेशिक तुकडीतील सैनिकाची किमान बांधिलकी वर्षाला २७ दिवसांची असून त्यांत सुमारे १५ दिवसांचे सलग शिबिर येते. ती पूर्ण करणाऱ्यास दैनिक वेतनाखेरीज करमुक्त वार्षिक बक्षीस रक्कम मिळते. १९९६ च्या राखीव दले कायद्यानुसार त्याला सक्तीने युद्धसेवेत बोलावता येते, तर १९८५ च्या कायद्याने परतल्यावर मूळ नोकरीत पुन्हा घेतले जाण्याचा हक्क दिला आहे. कायदा नोकरी वाचवतो. घरच्यांच्या वाट्याचे शनिवार-रविवार मात्र कोणताही कायदा परत देत नाही.

भारतातही ही कल्पना अपरिचित नाही. १९४९ पासूनच्या आपल्या प्रादेशिक सेनेचे तत्त्व हेच, की नागरिकाने आपला व्यवसाय सांभाळून सैनिकी सेवा करावी. कोल्हापूरची १०९ इन्फन्ट्री बटालियन त्याच सेनेतील मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न पलटण होय.

अर्धवेळ तयारी आणि पूर्णवेळ कसोटी यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, हे १३ जुलै २०१३ रोजी दिसले. वेल्समधील ब्रेकन बीकन्स डोंगरांत विशेष दलाच्या निवड चाचणीत सुमारे २६ किलोमीटरची चाल होती, पाठीवर वीस किलोहून अधिक ओझे होते आणि दिवस कडक उन्हाचा होता. नियमित व राखीव, दोन्ही प्रकारचे उमेदवार त्यात होते. तीन राखीव सैनिक उष्माघाताने कोसळले आणि मरण पावले. त्यांतील एकाने रुग्णालयात दोन आठवड्यांहून अधिक काळ झुंज दिली. प्रत्येकाजवळ ठिकाण दाखवणारे यंत्र होते, तरी हालचाल थांबलेल्यांपर्यंत मदत वेळेवर पोहोचली नाही. २०१५ च्या मृत्युचौकशीत हलगर्जीपणाचा ठपका ठेवण्यात आला. उष्णतेपासून बचावाची लष्कराची स्वतःचीच नियमावली चाचणी आखणाऱ्यांना ठाऊक नव्हती, हे त्यातील सर्वांत धक्कादायक होय. २०१८ मध्ये लष्करी न्यायालयाने या प्रकरणातील दोघा आरोपींना निर्दोष ठरवले.

दरम्यान, राखीव सैनिकांवरील भिस्त वाढतच गेली. २०१३ मध्ये सरकारने प्रशिक्षित राखीव भूसैनिकांची संख्या ३० हजारांवर नेण्याचे ठरवून दहा वर्षांसाठी १८० कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. भरती मात्र रखडली. २०२५ च्या संरक्षण आढाव्याने सक्रिय राखीव दलांत २० टक्के वाढ सुचवली आहे, तीही निधी उपलब्ध होईल तेव्हा.