पाहुणचार कोणाला परवडतो?

जानेवारी २००७मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये जेड गुडी आणि तिच्या सोबतिणींनी शिल्पा शेट्टीचा वर्णद्वेषी पाणउतारा केला. पाटण्यात निर्मात्यांचे पुतळे जळले. भारताच्या पर्यटन खात्याने मात्र ब्रिटिश वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन जेडला भारतभेटीचे आमंत्रण दिले. पुढच्या वर्षी ती खरोखरच लोणावळ्यात ‘बिग बॉस’च्या घरात राहायला आली आणि तिथे सूत्रसंचालक होती शिल्पाच. अशा वेळी आपल्याला पैठणचे एकनाथ आठवतात. गोदावरीचे स्नान करून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्याचे नाथांनी आभार मानले, एवढी आंघोळ घडवलीस म्हणून. माझ्या मते त्याहून बोलकी कथा पैजेच्या ब्राह्मणाची आहे. नाथांना चिडवलेस तर दोनशे रुपये देऊ, असे टवाळांनी त्याला सांगितले. तो थेट घरात शिरून नाथांच्या मांडीवर बसला. नाथांनी त्याला जेवायला बसवले. नाथांच्या पत्नी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा त्याने त्यांच्या पाठीवरच उडी घेतली. नाथ म्हणाले, सांभाळ, पडेल तो. बाई म्हणाल्या, आपला मुलगा हरी असाच पाठीवर बसतो, मला सवय आहे.

दंतकथा हा पुरावा नव्हे, असे कोणी म्हणेल. घडलेल्या घटनेचा नसेल, पण एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काय मोठे मानले त्याचा तो पुरावा नक्कीच आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अशाने निंदक सोकावतो. त्याचे उत्तर कथेतच आहे. घर नाथांचे, पंगत त्यांची, पान मांडणारे हात त्यांच्या घरचे. अपमान करणारा उंबरठा ओलांडून आत आला तेव्हाच तो पाहुणा झाला, आणि यजमान कोण याबद्दल शंका उरली नाही. शिवाय नाथांची पंगत फुकटची नव्हती. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी महारांना वाढला, तेव्हा पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकल्याचे चरित्रे सांगतात. जेडच्या बाबतीतही आमंत्रण निघाले तोवर हजारो प्रेक्षकांच्या तक्रारी नियामकाकडे गेल्या होत्या आणि विषय ब्रिटिश संसदेत निघाला होता. संतापाने आपले काम चोख केले होते, म्हणून आमंत्रणाला लाचारीचा वास आला नाही. (पर्यटन खात्याला गिऱ्हाईकही हवे होते, हेही विसरू नये.)

पण ज्याच्याकडे उंबरठाच नाही त्याने काय करायचे? १९३४मध्ये डॉ. आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला पाहायला आले. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या टाक्यावर हातपाय धुतले, आणि ‘पाणी बाटवले’ म्हणून स्थानिक मुसलमानांचा जमाव शिव्या देत धावून आला. पुष्कळ वादावादीनंतर किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला शिवू नयेत म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. इथे आलेली माणसेच पाहुणी होती. त्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा धरणे म्हणजे ज्याला पाण्यापाशी उभे राहू दिले नाही, त्यालाच पाणी वाढायला सांगणे. नाथांचे उदाहरण अशा माणसाच्या तोंडावर फेकणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

बाबासाहेबांनी हा अपमान गिळला नाही, लिहून ठेवला. मग त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये दौलताबादजवळच्या औरंगाबाद शहरात महाविद्यालय काढले. त्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. परिसराला नाव मिळाले नागसेनवन, आणि महाविद्यालयाला मिलिंद. हा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. परका, विद्येची घमेंड असलेला, भिक्षूंना वादात खाली पाहायला लावणारा. शेवटी भिक्षू नागसेनाने त्याला निरुत्तर केले. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले ते नागसेनाचे नव्हे, हार प्रांजळपणे कबूल करणाऱ्या त्या आव्हानवीराचे. तोवर घर मात्र त्यांचे स्वतःचे झाले होते.