गुंडीचा हिशेब

वाचकहो, चरख्याचे चित्र तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. चाक फिरते आहे, धागा निघतो आहे. पण निघालेला धागा पुढे ठेवायचा कुठे, मोजायचा कसा, विणकराकडे जायचा कोणत्या रूपात? चित्रात हे येत नाही. माझ्या मते खादीची खरी मेख तिथेच होती.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष होते. सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे असे ठरले. सूत एकसारखे कातलेले हवे, अशी अटही होती. सक्ती फार टिकली नाही. १९२५ सालीच चार आणे वर्गणीचा पर्याय आला आणि त्याच वर्षी अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला.

एकसारखेपणाचा एवढा आग्रह कशाला? एकदा कोष्ट्याच्या मागाशी बसून बघा. ताण्याचा प्रत्येक धागा फणीतून ओढला जातो, घासला जातो. जाडाबारीक, कच्च्या पिळाचा धागा तिथे तुटतो. तुटलेली टोके सांधण्यातच दिवस गेला, तर विणकराने खावे काय? गिरणीचे सूत तुलनेने बिनबोभाट चालते. मग त्याने ते पसंत केले, तर त्याला नावे कशी ठेवणार!

म्हणून कातणाऱ्यालाच शिस्त लावावी लागली. फाळक्याचा एक फेरा ४ फुटांचा, तो एक तार. १६० तारांची लटी, ४ लट्यांची गुंडी. म्हणजे ६४० तार, सुमारे ८५३ वार. इंग्रजी मापाची गुंडी ८४० वारांची, म्हणजे जवळजवळ तेवढीच. एका पौंडात जितक्या गुंड्या बसतील, तितका सुताचा अंक. वीस अंकी गुंडी सुमारे दोन तोळे भरते. नुसत्या तराजूने जाड सूत वेगळे, बारीक वेगळे लावता येते. प्रत्येक लटीला आडवा दोरा बांधायचा, की गुंता होत नाही.

लहानपणी मी आजीच्या ट्रंकेतल्या एका गुंडीचे हे आडवे दोरे खेळता खेळता सोडले. जो गुंता झाला तो सोडवायला आजी दोन दुपारी बसली. मी कात्री आणून दिली, तर म्हणाली, "अरे, कापल्यावर सहाशे चाळीस कुठले राहणार?"

१९३० नंतर गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासात पेटीचरखा आकाराला आला. त्याला येरवडा चक्र म्हणतात. पेटी मिटली की चाके, चाती, सारे आत. शिक्षकांना आणखी एक सांगतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. तिच्यातून निघालेल्या झाकिर हुसेन समितीच्या योजनेत कताईला मोठे स्थान मिळाले. तार मोजणे, गुंडी तोलणे, अंक काढणे हेच मुलांचे गणित. पाटीवरचा गुणाकार चुकला तर पुसता येतो, गुंडीतला चुकला तर तराजू सांगतो.

गांधीजींच्या पश्चात विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली: वर्षाला माणशी एक गुंडी, आपल्या हातची. आजी दर वर्षी एक द्यायची, एक ठेवायची. तिची शेवटची गुंडी माझ्याकडे आहे. परवा तोलली. दोन तोळ्यांहून किंचित जास्त भरली. चारही लट्यांचे आडवे दोरे जागच्या जागी आहेत.