घाटवाट, करभार आणि निसर्ग : मावळ-लोणावळा परिसराच्या अर्थकारणाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका हा भातशेतीचा व भरपूर पावसाचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. तथापि या प्रदेशाच्या अर्थकारणाला वळण देण्यात शेतीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वाटा बोरघाटाचा आहे. कोकणातील बंदरांना दख्खनच्या पठाराशी जोडणारी ही वाट दोन हजार वर्षे अखंड वाहती राहिली. वाटेवर कर बसतो, वाट राखण्यासाठी व बांधण्यासाठी खर्च करावा लागतो, आणि त्या खर्चाची झळ डोंगर, पाणी व जंगल यांना पोहोचते. कर, पायाभूत सुविधा व पर्यावरण यांचा हा परस्परसंबंध मावळात कसा घडत गेला याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. कर किती होता यापेक्षा तो कोठे गोळा झाला आणि कोणासाठी खर्च झाला, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा मानला आहे.

कार्ले लेण्यांतील करमाफी

मावळच्या करव्यवस्थेचा सर्वांत जुना पुरावा कार्ले येथील शिलालेखांत सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील या लेखांवरून असे दिसते की, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील, म्हणजे कार्ले येथील, भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले होते. पुढे सातवाहनांनी मामाल येथील अमात्याला आदेश पाठवून गावदान दिले. मामाल हे मावळ या नावाचेच प्राचीन रूप होय, असे अभ्यासक मानतात. त्या गावात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, तेथे मिठासाठी जमीन खणू नये, अशा सवलती त्या आदेशात आहेत. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षातील दुसऱ्या एका लेखात सोमदेव या महारठीने गावाच्या नियमित व नैमित्तिक करांसह ते संघाला दिल्याची नोंद आहे.

मावळचे नाव इतिहासात प्रथम येते ते करमाफीच्या संदर्भात, ही बाब लक्षणीय आहे. येथे गावाचे उत्पन्न दूरच्या राजधानीकडे न जाता घाटवाटेजवळच्याच संस्थेसाठी राखून ठेवले गेले. कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी व्यापारी मार्गालगत आहेत आणि त्यांच्या दात्यांत व्यापारी व कारागीर यांची नावे आढळतात. वाटेवर निर्माण झालेल्या संपत्तीचा काही अंश वाटेशेजारीच स्थिरावला, असा याचा अर्थ होतो.

लष्करी वाट ते गाडीरस्ता

मध्ययुगात लोहगड, विसापूर व राजमाची या किल्ल्यांचे महत्त्व या घाटवाटेच्या राखणदारीमुळेच होते. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी याच परिसरात कोंडीत पकडले व वडगाव येथे तहास भाग पाडले. पुढे १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेण्यासाठी घाटाची वाट सुधारून घेतली. मात्र चाकाच्या वाहनांसाठी पक्का रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. तोपर्यंत घाटातील मालवाहतूक प्रामुख्याने लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. रस्ता झाल्यावर बैलगाड्या मुंबईच्या दिशेने उतरू लागल्या आणि दख्खनच्या कापसाला बंदराचा मार्ग सुकर झाला.

या रस्त्यावर टोल आकारला जात असे व त्याच्या वसुलीचा मक्ता दिला जाई. टोल ही आपल्याकडे अलीकडे आलेली कल्पना आहे, असा जो समज आढळतो तो त्यामुळे बरोबर नाही. फरक इतकाच की, त्या रस्त्यावर मावळच्या शेतकऱ्याची गाडी टोल भरून का होईना, चालू शकत होती.

रेल्वे आणि लोणावळ्याचा उदय

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा-पुणे टप्पा १८५८ मध्ये सुरू झाला. घाटातील काम त्यानंतरही पाच वर्षे चालले. त्या काळात खोपोली ते खंडाळा हा टप्पा प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावरून ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या या मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले. कामाच्या ऐन भरात येथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि रोगराई व अपघात यांत त्यांतील अनेकांचे बळी गेले.

या कामाची आर्थिक बाजू तितकीच बोलकी आहे. रेल्वे कंपनीच्या भागभांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि जमीनही विनामूल्य पुरवली होती. नफा कमी पडल्यास तूट भरून निघे ती भारतीय महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून. घाटाखाली राबणारा मजूर आणि सारा भरणारा कुणबी अशा दोघांनी मिळून हा लोहमार्ग उभा केला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लोणावळ्याला मात्र रेल्वेने निश्चितच ऊर्जितावस्था आणली. इंजिनांची व्यवस्था, कर्मचाऱ्यांच्या वसाहती व पाण्यासाठी बांधलेले तलाव यांमुळे लहानशा खेड्याचे गाव झाले आणि १८७७ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. मुंबईच्या धनिकांचे बंगले, हवापालटासाठी येणारे प्रवासी व त्यांच्यावर अवलंबून असलेला गुडदाणी-चिक्कीचा व्यवसाय ही त्याचीच पुढची फळे होत. बंगल्यांवरील घरपट्टी व गावात येणाऱ्या मालावरील जकात यांतून नगरपालिकेला स्वतःचे उत्पन्न मिळे. १९९९ मध्ये राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. व्यापाराची अडवणूक थांबली हे खरे, पण गावाच्या उत्पन्नाचा एक स्वायत्त स्रोत आटला हेही तितकेच खरे.

पाणी : दोन्ही दिशांना वाहणारी संपत्ती

विसाव्या शतकात घाटमाथ्याच्या पावसालाच आर्थिक मूल्य प्राप्त झाले. टाटा जलविद्युत कंपनीने वळवण धरणाची पायाभरणी १९११ मध्ये केली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतर आंद्रा खोऱ्यातील ठोकरवाडी धरण झाले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात मात्र शेतकऱ्यांनी प्रतिकार केला. १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी केले. धरण थांबले नाही, परंतु विकासासाठी कोणी किती सोसावे हा प्रश्न त्या लढ्याने कायमचा नोंदवून ठेवला.

निसर्गतः पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे हे पाणी पश्चिमेला वळवण्यात आले. पुढे १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पवना धरणाचे पाणी पूर्वेला पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीकडे गेले. हेच पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन सुरू असताना पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला आणि काम थांबले. ही स्थगिती उठण्यास २०२३ साल उजाडले. शहराला पाणी हवे होते आणि शेतकऱ्याला नदी वाहती हवी होती. दोन्ही मागण्या रास्त होत्या. त्यांची सांगड घालणारी आर्थिक व्यवस्था मात्र अस्तित्वात नव्हती.

द्रुतगती मार्ग व पर्यावरणीय निर्बंध

२००२ मध्ये पूर्णत्वाने खुल्या झालेल्या ९४.५ किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जुन्या प्रश्नाला नवे रूप दिले. २००४ मध्ये या मार्गावरील टोलवसुलीचे हक्क पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटी रुपयांना देण्यात आले. मार्गाने मावळचे अंतर कमी केले, जमिनींचे भाव वाढवले, तळेगाव परिसरातील कारखानदारीला बळ दिले. परंतु दुचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना या मार्गावर प्रवेश नाही. ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याच्या वाहनाला त्यावर जागा नाही, ही विसंगती १८३० च्या रस्त्याच्या पार्श्वभूमीवर ठळकपणे जाणवते.

दुसरीकडे पर्यावरण रक्षणाची जबाबदारी याच गावांवर येत आहे. पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये, तर कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये सादर झाला. त्यानंतर केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना वेळोवेळी काढल्या. जुलै २०२४ मधील मसुदा हा सहावा होता. महाराष्ट्रातील १७,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र त्यांत प्रस्तावित आहे. खाणकाम व मोठी बांधकामे यांवरील निर्बंध आवश्यकच आहेत. लोणावळ्याच्या डोंगरउतारांवरील बांधकामे पाहता त्याविषयी दुमत होऊ नये. मात्र डोंगर राखण्याचा लाभ धरणाखालच्या शहरांना, आणि न विकता येणाऱ्या जमिनीचा तोटा डोंगरावरच्या शेतकऱ्याला, अशी विभागणी झाल्यास निर्बंध न्याय्य वाटत नाहीत व टिकतही नाहीत.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून असे दिसते की, मावळला पायाभूत सुविधांचा लाभ झालाच नाही असे म्हणता येत नाही. लोणावळा शहर हाच त्याचा पुरावा आहे. परंतु सुविधांचा आराखडा, त्यांवरील वसुली व तिचा विनियोग हे सर्व निर्णय बहुतांशी तालुक्याबाहेर झाले. जमीन, पाणी व जंगल मात्र तालुक्याने दिले. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ येथील शेतीची क्षमता सिद्ध करतो. ती शेती टिकवायची असेल, तर टोल, पाणीपट्टी व वीज यांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा पाणलोट क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळण्याची तरतूद विचारात घेतली पाहिजे. वाटेवरच्या उत्पन्नातून वाटेशेजारच्या भूमीचे पोषण व्हावे, हा विचार या प्रदेशाला परका नाही. कार्ल्याच्या दगडावर तो पूर्वीच कोरला गेला आहे.