मराठी नटाची तालीम

मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकापासून मानला जातो. सांगली संस्थानाचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने झालेल्या या प्रयोगात नटाला पाठ करावी लागेल अशी संहिता नव्हती. सूत्रधार पदांतून कथानक गाई आणि पद संपले की त्याचा आशय धरून पात्र आयत्या वेळी बोले. नटाच्या अंगी पुराणकथांची माहिती, खणखणीत आवाज आणि हजरजबाबीपणा असला की पुरे. राजापार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशा नटांच्या जाती ठरलेल्या होत्या आणि प्रत्येक जातीचे आविर्भावही ठरलेले होते. नवा मुलगा ते पाहून पाहून उचली.

१८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक प्रसिद्ध झाले आणि लिहिलेल्या, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘बुकिश’, नाटकांचा प्रवाह सुरू झाला. लेखकाचा शब्द ठरलेला असल्याने तो कसा म्हणायचा हा प्रश्न पुढे आला आणि शिकवणाऱ्याची गरज भासू लागली. शेक्सपिअरच्या रूपांतरांनी ती आणखी वाढवली. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधील हॅम्लेटच्या भूमिकेसाठी गाजले. या मंडळीला प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांचे मार्गदर्शन लाभले. संवादामागचा अर्थ आणि पात्राच्या मनाची घालमेल जाणकाराने नटाला समजावून सांगण्याची प्रथा गद्य रंगभूमीवर अशी रुजली.

संगीत नाटकाने याच शिक्षणाला गाण्याची जोड दिली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग १८८० साली पुण्यात झाला आणि किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. अशा नाटक कंपन्या ही त्या काळची अभिनयाची निवासी विद्यालयेच होती. लहान वयाची मुले कंपनीच्या बिऱ्हाडी राहत, गळा तयार करत आणि मुक्काम हलला की कंपनीबरोबर गाव बदलत. नटाच्या हाती सबंध नाटक क्वचितच पडे. त्याला मिळे ती त्याची ‘नक्कल’, म्हणजे त्याच्या भूमिकेची भाषणे आणि त्याआधीच्या भाषणांचे शेवटचे शब्द उतरवून काढलेली वही. ती पाठ झाली की आधी बैठी तालीम, मग उभी आणि प्रयोग तोंडावर आला की वेशभूषेसह रंगीत तालीम. तालीम मास्तर वाक्य स्वतः म्हणून दाखवी. कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा हे नटाच्या जिभेवर बसेपर्यंत तो घोटून घेई.

या पद्धतीतील सर्वांत मोठे नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे. ‘शारदा’ लिहिणारे देवल नाटककार जितके मोठे, तितकेच तालीम मास्तर म्हणूनही. १९१६ साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या त्यांच्याच ‘संशयकल्लोळ’मध्ये गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. हसवण्यासाठी चाळे न करता पात्राच्या संशयी स्वभावातूनच विनोद उमटतो, याचा तो नमुना होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही नटांकडून काटेकोर तयारी करून घेत. पद्धतीच्या मर्यादाही उघड होत्या. ध्वनिक्षेपक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा होता. त्यामुळे पल्लेदार भाषण, प्रेक्षकांकडे तोंड करून म्हटलेले स्वगत आणि टाळी किंवा वन्समोअर घेण्याची सवय अभिनयात मुरली.

बोलपट आल्यावर कंपन्यांचा आर्थिक कणा मोडला आणि अभिनयाचे मापही बदलले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी केल्या आणि संवाद घरात बोलावे तसे म्हटले गेले. या नाटकातले केशवराव दाते महाराष्ट्र नाटक मंडळीत घडलेले. प्रभातच्या ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटात त्यांनी तरुण मुलीशी विवाह करणारा वृद्ध काकासाहेब उभा केला. कॅमेरा जवळ आला की नजर आणि स्तब्धताही बोलते, हे रंगमंचावर वाढलेल्या नटाने तिथे दाखवून दिले. नाट्यमन्वंतरशी संबंध असलेले पार्श्वनाथ आळतेकर यांनी पुढे मुंबईत नटांच्या पद्धतशीर शिक्षणासाठी ‘लिटल थिएटर’ चालवले. के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्कीचा ग्रंथ ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणला.

स्वातंत्र्यानंतर कंपनीची जागा हौशी संस्थांनी घेतली. १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा आणि १९६३ पासूनचा महाविद्यालयीन पुरुषोत्तम करंडक यांनी दिवसा नोकरी किंवा शिक्षण आणि संध्याकाळी तालीम करणारा नट घडवला. इब्राहिम अल्काझी यांच्याकडे शिकलेल्या विजया मेहता यांनी १९६० साली सहकाऱ्यांसह ‘रंगायन’ स्थापन केले. दिग्दर्शकाने म्हणून दाखवलेले वाक्य उचलण्याऐवजी पात्र इथे असे का वागते, हा प्रश्न नटाने स्वतः सोडवायचा, अशी तालीम तिथे होऊ लागली. १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील सुलभा देशपांडे यांची बेणारे हे तिचे ठळक फळ. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली. तिथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसलेले असल्याने मोठ्या नाट्यगृहासाठी कमावलेला आवाज निरुपयोगी ठरला आणि नटाला देहबोलीकडे लक्ष देणे भाग पडले.

संस्थात्मक शिक्षणही याच काळात वाढले. दिल्लीला १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्यात प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले. फिल्म इन्स्टिट्यूटमधला रोशन तनेजा यांचा अभिनय अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला आणि २००४ साली पुन्हा सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र, तर मुंबई विद्यापीठात २००३ साली थिएटर आर्ट्स अकादमी स्थापन झाली. या अभ्यासक्रमांत आवाज, शरीर, उत्स्फूर्त अभिनय, संहितेचे वाचन आणि लोककला हे वेगवेगळे विषय झाले. कंपनीत एकटा तालीम मास्तर शिकवी ते आता अनेक शिक्षकांत वाटले गेले आहे, तर भूमिकेचा अर्थ लावण्याचे जे काम तो करी ते नटावर येऊन पडले आहे.