कोश वाचायला घेतला

कोश हा वाचायचा नसतो, पाहायचा असतो असं आपल्याकडे म्हणतात. पाहायचा म्हणजे शब्द शोधायचा, अर्थ टिपायचा आणि ग्रंथ परत कपाटात ठेवून द्यायचा. मी मात्र गेली चार वर्षं कोश वाचते आहे. जिथे उघडेल तिथून.

त्याचं कारण घरचं आहे. हे गेले आणि माझ्या कथा-कादंबऱ्या सुटल्या. बी.ए.ला मराठी घेतलेलं, पुढे तीस वर्षं निफाड तालुक्यात मराठीच शिकवलं; गोष्टींवरच वाढलेली मी. पण कोणतीही कादंबरी घ्या, पन्नास-साठ पानांत कुणीतरी आजारी पडतं किंवा कुणीतरी कुणाची वाट पाहत बसतं. मग पुस्तक मिटायचं. दोन वर्षं अशी गेली. एकदा भाच्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मराठी विश्वकोशाचे सात-आठ सुटे खंड आणून दिले. मजकुराच्या मधे मधे रंगीत चित्रपत्रं. नुसती ती पाहायची म्हणून बसले, तर रात्रीचे अकरा वाजले होते. चित्रावरून नोंद, नोंदीवरून दुसरी नोंद. माझ्याकडून कसलंही रडू न मागणारं वाचन!

मग साहजिकच मनात आलं, ही पुस्तकं मराठीत आणली कुणी?

सुरुवात आमच्या गावापासूनच करते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. बालपण पुढे कोल्हापुरात गेलं, पण आम्ही निफाडकर त्यांना सोडत नाही! मराठीत कोणत्या विषयावर किती पुस्तकं निघतात, याचा हिशेब मांडायची त्यांना हौस होती. १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी इंग्रजीत टिपणच लिहिलं. त्याआधी १८७८ मध्ये पुण्यात त्यांच्याच पुढाकाराने ग्रंथकारांचं संमेलन भरलं होतं. गंमत म्हणजे त्याच साली, त्याच पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला. तिथली देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर भिंतीवर लागली आणि १९१० पासून 'चित्रमयजगत्' मासिक निघू लागलं. चित्र पाहत पाहत वाचायची सवय मराठी माणसाला अशी लागत गेली.

पण ज्यांच्याबद्दल मला खरं सांगायचं आहे ते म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेतलेला माणूस. इंग्रजीत ग्रंथ लिहीत, चांगल्या पगाराची प्राध्यापकी करत सुखात राहू शकला असता. त्यांनी काय करावं? नागपुरात लोकांकडून भागभांडवल गोळा करून 'ज्ञानकोश मंडळ' नावाची लिमिटेड कंपनी काढली! सरकारच्या खजिन्यावर विसंबायचं नाही. वर्गणीदार मिळवायचे आणि त्यांच्या जिवावर मराठीत जगाचं ज्ञान आणायचं. ज्या काळी घरात पंचांग आणि पोथी एवढीच पुस्तकं असायची, त्या काळी तेवीस खंडांसाठी गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे काय, याचा विचार करा. पहिला खंड १९२० मध्ये आला, काम १९२७ मध्ये पुरं झालं. त्या खटाटोपाची हकिकत त्यांनी 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

मला सर्वांत आवडली ती एक गोष्ट. या कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचेच आहेत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. अकारविल्हे नोंदी सुरू होतात त्या सहाव्या खंडापासून. म्हणजे मराठीतला हा एवढा मोठा ज्ञानकोश उघडतो तो सलग वाचण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांनी! केतकरांच्या डोक्यात वाचणारा माणूस होता, नुसता शोधणारा नव्हे.

एवढं करून पैसा काही हाती लागला नाही. १९३७ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, मूळच्या एडिथ कोहन. त्यांनी पुढे 'मीच हे सांगितलं पाहिजे' या नावाने आठवणी लिहिल्या. हे शीर्षक मी अनेकदा मनातल्या मनात म्हणते.

केतकर शेवटी कादंबऱ्यांकडे वळले. 'ब्राह्मणकन्या' वगैरे. माझं स्पष्ट मत, त्यांतली पात्रं तोंड उघडतात तेव्हा ज्ञानकोशच बोलू लागतो. उलट पं. महादेवशास्त्री जोशी हे गोव्याकडचे रसाळ कथाकार. त्यांच्या कथांवर 'मानिनी'सारखे चित्रपट निघाले. ते वळले कोशाकडे. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड त्यांनी केले, पहिला १९६२ चा. व्रतं, नद्या, गावं, लोककथा... कथाकाराचा हात लागल्यामुळे तो कोश आजोबांनी ओसरीवर बसून सांगावं तसा वाचता येतो. विश्वकोशाचं काम वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी चालवलं. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेल्यावरही काम सुरूच राहिलं. आता तो संगणकावर फुकट वाचता येतो. माझे डोळे मात्र कागदच मागतात.

अलीकडे पक्ष्यांची सचित्र पुस्तकंही उशाशी आली आहेत. आमच्याच तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र. चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालते, हा जुन्या काव्यातला संकेत मी वर्षानुवर्षं वर्गात समजावून दिला. तो पक्षी प्रथम पाहिला तो चित्रात. नारिंगी-तपकिरी अंग, डोकं फिकट. मग गेल्या हिवाळ्यात भाच्याबरोबर नांदूरला जाऊन खरा पाहिला. पुस्तक सांगतं की हे पक्षी बरंचसं अन्न रात्री टिपतात आणि एकमेकांना साद देत राहतात. विरहाच्या कल्पनेचं मूळ बहुधा तिथेच असावं. थंडी संपली की ते उत्तरेला जातात. लडाखकडच्या उंच तळ्यांजवळ, कड्यांच्या कपारीत अंडी घालतात.

आता लडाख वाचायला हवं. माझ्या सुट्या खंडांत नेमका तो नाही. भाच्याला निरोप धाडला आहे.